जबाबदारीची वाटणी

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात एका अध्यापक विद्यालयातील अध्यापकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'विद्यालयातील आरोग्य व सुरक्षितता यांची जबाबदारी' असा विषय मला नेमून देण्यात आला आहे. विषयाचे नाव एखाद्या कारखान्यास शोभेल असे आहे, आणि शाळेस तो कितपत लागू पडतो अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती माझ्याही मनात पुष्कळ वर्षे होती. यंत्र, भट्टी, खाण ही धोक्याची ठिकाणे. आपल्याजवळ फळा, खडू आणि पुस्तक, तेव्हा आपणांस त्याचे काय, असा माझा समज होता. तो ज्या प्रसंगाने गेला तो प्रसंग प्रथम सांगतो. त्यात माझी बाजू भूषणावह नाही. तथापि ती वगळल्यास मजजवळ सांगण्यासारखे फारसे उरणार नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी मी ज्या अध्यापक विद्यालयात शिकवीत होतो, तेथे वसतिगृहाच्या मागे एक कूपनलिका होती. तिच्या पंपाचा स्टार्टर पत्र्याच्या पेटीत घालून उघड्यावरच्या भिंतीला ठोकलेला होता. पावसाळा लागला की भिंत ओल धरी आणि पेटीला हात लावताच झिणझिण्या येत. ही गोष्ट ठाऊक नसलेला जुना मनुष्य विद्यालयात शोधूनही सापडला नसता. शिपाईमामा वाळलेल्या बांबूच्या काठीने बटण दाबीत. स्वयंपाकाच्या मावशी पायांत रबरी चपला घातल्यावाचून तिकडे फिरकत नसत. लिपिकाने दुरुस्तीचे पत्र लिहून त्यास जावक क्रमांक दिला होता. प्राचार्यांनी ते वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना केले होते आणि मागाहून स्मरणपत्रही धाडले होते. ज्याने त्याने आपापला वाटा उचलला होता. पेटी मात्र तशीच राहिली होती.

श्रावणातल्या एका सकाळी टाकीत पाणी नव्हते, म्हणून पहिल्या वर्षाचा एक छात्राध्यापक पंप सुरू करण्यास गेला. तो नवा होता. काठीची रीत त्याला कोणी सांगितली नव्हती. पाय अनवाणी, जमीन ओली. झटक्यासरशी तो मागच्या दगडी कट्ट्यावर फेकला गेला. गळ्याखालचे हाड मोडले आणि उजव्या हाताची दोन बोटे भाजली. तो वाचला. आज तो आपल्यासारखाच एका खेड्यात शिक्षक आहे. परंतु खडू धरताना ती दोन बोटे अजून नीट मिटत नाहीत.

दोष शोधण्यास वायरमनला अर्धा तासही लागला नाही. जमिनीत पुरलेल्या पट्टीला पेटी जोडणारी अर्थिंगची तार गंजून तुटली होती. त्यामुळे जी गळकी वीज जमिनीत जावयाची ती पेटीच्या पत्र्यावर येऊन थांबे, आणि हात लावणाऱ्याच्या देहातून वाट काढी. तार बदलणे हे एका दुपारचे काम होते आणि ते त्याच दुपारी झाले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सभा बोलाविली. अध्यापकांबरोबर शिपाई, मावशी आणि पहारेकरी यांनाही तीत खुर्च्या मिळाल्या, ही त्या विद्यालयात पहिलीच वेळ होती. "पेटीला वीज येते हे कोणी कोणाला सांगितले होते?" असे प्राचार्यांनी विचारले. सगळे गप्प. शिपाईमामांना तीनदा विचारल्यावर ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, काठी वापरत जा."

ते खरे होते. मी विज्ञानाचा अध्यापक. अर्थिंग म्हणजे काय हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे. मामांनी सांगितले तेव्हा मी तासावर जाण्याच्या घाईत होतो, आणि तो विषय माझ्या खात्यातला नव्हे, असे मला वाटले होते. काठीची युक्ती सुचविल्याबद्दल मला त्या वेळी किंचित समाधानही वाटले असावे.

बंधुभगिनींनो, ही एका विद्यालयाची लहानशी हकीगत झाली. जे घडले त्यात कोणी दुष्ट नव्हता आणि सर्वस्वी आळशीही नव्हता. हाच क्रम दूर देशी एका प्राथमिक शाळेच्या बाबतीत घडला, आणि त्याचे मोल फार मोठे होते. ती हकीगत प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावी असे मला वाटते.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात आबरफान नावाचे कोळसाखाणीचे गाव आहे. खाणीतून निघणारा टाकाऊ राडारोडा गावावरच्या डोंगरउतारावर टाकीत असत. त्याच्या सात टेकड्या झाल्या होत्या. सातव्या टेकडीस १९५८ साली प्रारंभ झाला, आणि ती पाण्याच्या झऱ्यावर उभी राहिली. झरा नकाशात दाखविलेला होता. टेकडीच्या खाली प्राथमिक शाळा होती. १९६३ साली स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या या गाळाविषयी पत्रव्यवहार केला. खाणी चालविणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने उत्तरेही दिली. पुढे शाळेभोवती पाणी तुंबते म्हणून मुलांच्या आयांनी अर्ज दिला, आणि मुख्याध्यापिकेने तो नगरपालिकेकडे पोचविला. म्हणजे आपल्या भाषेत सांगावयाचे तर आवक-जावक यथास्थित चालू होते.

२१ ऑक्टोबर १९६६ या दिवशी, सत्रमध्याच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास मुले नुकतीच वर्गात येऊन बसली होती. पावसाने भिजलेली सातवी टेकडी सुटली आणि शाळेवर आली. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती आणि पाच शिक्षक होते. अर्ज पोचविणाऱ्या मुख्याध्यापिकाही त्यांत होत्या.

त्या सकाळी टेकडीवरच्या मजुरांनी माथा खचलेला पाहिला होता. तेथे दूरध्वनी चालू नव्हता, म्हणून एक मनुष्य पायी खाली निरोप घेऊन गेला. पुढे न्यायाधिकरणाने असे ठरविले की, दूरध्वनी असता तरी त्या घटकेस कोणाचा जीव वाचला नसता. हे मला फार विचार करण्याजोगे वाटते. सावध करण्याची वेळ त्या सकाळी उरलीच नव्हती. ती पूर्वीच्या तीन वर्षांत होती, आणि त्या वर्षांत पत्रे या टेबलावरून त्या टेबलावर जात होती. १९६७ च्या अहवालात दोष कोळसा मंडळावर ठेवण्यात आला; मात्र कोणावरही खटला झाला नाही.

त्या वेळी कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स होते. इतिहासाचा चमत्कार असा की, कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९७० साली जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. ही नेमणूक योग्य होती की नाही, यावर आपण प्रत्येकाने आपले मत बनवावे. माझे मत अनुकूल नाही. परंतु १९७२ सालचा समितीचा अहवाल महत्त्वाचा आहे. त्यातील मुख्य म्हणणे असे, की नियमांचे डोंगर रचल्याने माणसे सुरक्षितता ही बाहेरच्या निरीक्षकाची बाब समजू लागतात आणि स्वतः उदासीन होतात. मूळ जबाबदारी धोका निर्माण करणारांची आणि त्यासह काम करणारांची आहे. त्यावरून १९७४ साली तेथे कायदा झाला. मालकाचे कर्तव्य त्यात पहिले आहे. त्याबरोबर प्रत्येक नोकराने आपली व आपल्या कृतीने बाधा पोचेल अशा इतरांची काळजी घ्यावी, हेही आहे. पूर्वीचे कायदे प्रामुख्याने कारखाने, खाणी आणि कचेऱ्या यांपुरते होते. या कायद्याच्या कक्षेत शाळा-महाविद्यालयेही आली.

आपल्याकडे भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोक्याच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरविण्यात आली. ही समसमानता मला मोलाची वाटते, कारण काम हाताने करणाऱ्यास जे दिसते ते खुर्चीवर बसणाऱ्यास दिसत नाही.

आमच्या विद्यालयात आम्ही काय केले ते आता सांगतो. एका अध्यापकास सुरक्षाप्रमुख नेमावे असा प्रथम बेत होता, आणि झाल्या प्रकारामुळे ते ओझे माझ्या गळ्यात पडणार हे उघड होते. शिपाईमामांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "मग बाकीचे मोकळे झाले." त्यामुळे तो बेत मोडला. प्रत्येक जागेस दोन नावे लावण्यात आली: एक अध्यापकाचे आणि एक तेथे रोज हात चालविणाऱ्याचे. पंप व विजेची जोडणी यांकडे मी आणि मामा. स्वयंपाकघराकडे मावशी आणि गृहशास्त्राच्या बाई. प्रयोगशाळा, कार्यानुभवाची खोली, पिण्याच्या पाण्याची टाकी, छप्पर, यांनाही अशीच जोडी. दर सोमवारी दोघांनी मिळून जागा पाहावी आणि वहीत लिहावे.

पहिले तीन महिने ती वही निरुपयोगी ठरली. प्रत्येक सोमवारी प्रत्येक रकान्यात 'ठीक आहे' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असे, आणि काही जोड्या महिन्याच्या चारही सह्या एकदम करीत. आपणां शिक्षकांस हा रोग नवा नाही. मग असे ठरले, की 'ठीक आहे' हे शब्द वहीत वर्ज्य; काय केले आणि काय दिसले ते लिहावे. 'गॅसची नळी वाकवून पाहिली, चीर नाही.' 'अर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत पाहिली, खड्ड्यात पाणी ओतले.' असे लिहावयाचे म्हटले म्हणजे जागेपर्यंत जावेच लागते.

प्राचार्यांचा वाटा निराळा होता. काम वाटता येते. पैसा, अधिकार आणि वेळ ज्याच्या हाती आहेत त्याला आपले उत्तरदायित्व वाटून टाकता येत नाही. वहीतील दोषाच्या नोंदीसमोर त्यांनी तीन दिवसांत निर्णय लिहावा, न लिहिल्यास ती जागा कुलूपबंद व्हावी, असे ठरले. वरिष्ठांकडे पत्र पाठविले एवढा निर्णय पुरेसा धरावयाचा नाही. पत्राचे उत्तर येईपर्यंत काय करावयाचे तेही लिहावयाचे. आणि शेवटचे कलम: धोका दिसल्यास काम थांबविण्याचा अधिकार कोणालाही राहील, त्यासाठी परवानगी लागणार नाही.

या कलमाची कसोटी लवकरच लागली. विद्यालयाची वार्षिक तपासणी होती. पाहुण्यांच्या जेवणाची वेळ होत आली असता मावशींनी शेगड्या बंद केल्या, सिलिंडरची टाकी फिरवून घेतली, खिडक्या उघडल्या आणि सर्वांना बाहेर काढले. वास येतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हांपैकी कोणालाच वास येत नव्हता. एक अध्यापक चिडून बोललेही. प्राचार्यांचा चेहरा पडला होता, पण ते म्हणाले, "मावशींनी बंद केले ना? मग बंद." शेगडीमागे नळी उंदराने कुरतडलेली निघाली. जेवण दोन तास उशिरा झाले आणि तपासणीच्या शेऱ्यात त्या विलंबाचा उल्लेखही आला. प्राचार्यांनी त्या दिवशी मावशींस दटावले असते, तर पुढे कोणीही तोंड उघडले नसते.

आपल्या शाळांत पोषण आहार शिजतो, म्हणून बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावाचे स्मरण देणे मला प्राप्त आहे. १६ जुलै २०१३ रोजी तेथील प्राथमिक शाळेत दुपारच्या जेवणाने २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेलाला निराळा वास येतो असे स्वयंपाकिणीने सांगितले होते आणि तिला स्वयंपाक चालू ठेवण्यास सांगण्यात आले, असे वृत्तान्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. मुलांच्या पंगतीपूर्वी शिक्षकासह दोघातिघा प्रौढांनी अन्नाची चव घ्यावी, असा जो दंडक आहे तो आपण पाळता हे मी जाणतो. परंतु चव घेण्यापूर्वी शिजविणारीला विचारावे. तिचे नाक आणि हात आपल्या जिभेच्या आधी तेथे पोचलेले असतात.

आता आपण म्हणाल, विद्यालयात माणसे पुष्कळ. आमची शाळा दोन शिक्षकांची, तेथे वाटणी कोणाची कोणाशी करावयाची? प्रश्न रास्त आहे. तथापि दोन शिक्षक, स्वयंपाकीण आणि मदतनीस इतकी माणसे तर शाळेत रोज असतात. त्याशिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांत कोणी गवंडी असेल, कोणी मोटारपंप दुरुस्त करणारा असेल. सभेत सह्या घेऊन त्यांना निरोप देण्याऐवजी छपराचे वासे, व्हरांड्याचा कठडा आणि मीटरची पेटी त्यांना एकेकदा दाखवावी. गवंड्याला भिंतीची भेग वाचता येते. आपणांस येत नाही, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

मुलांना यात किती वाटा द्यावा, याविषयी माझे मत कडक आहे. पाहणे आणि सांगणे एवढाच त्यांचा वाटा. पंपाचे बटण, टाकीवर चढणे, चुलीवरचे भांडे उतरविणे, शौचालयासाठी आणलेले ॲसिड ओतणे, ही कामे मुलाकडून, तो कितीही मोठा व हुशार असला तरी, करवून घेऊ नयेत. मूल काही सांगावयास आले म्हणजे मात्र हातातले काम ठेवून ऐकावे. "जा, जागेवर बस," हे आपल्या तोंडी फार बसलेले वाक्य आहे. माझ्या 'काठी वापरत जा'चेच ते भावंड होय.

वेळ संपत आली असल्याची सूचना अध्यक्षमहाशयांनी केली आहे. त्या वहीची चालू वर्षाची प्रत मी बरोबर आणली आहे. आता ती वही मी नव्हे, माझ्या जागी आलेल्या बाई आणि मामांचा मुलगा ठेवतात. मधल्या सुटीत ती मागच्या टेबलावर राहील. ज्यांना रकाने उतरवून घ्यावयाचे असतील त्यांनी खुशाल घ्यावेत. वही संध्याकाळपर्यंत मजकडे परत यावी, कारण उद्या सोमवार आहे.