आकाशाला प्रश्न विचारण्याची आपली रीत

(जळगाव आणि धुळे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाला निमित्त झाले ते आमच्या परिचयातील एका तरुणाचे. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचे संस्कार उत्तम, वाचनाचीही आवड. दिवाळीत फराळाला आला असताना त्याने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखविली. पृथ्वी सपाट असून शास्त्रज्ञांनी जगाला फसविले आहे, असे कोणी परदेशी गृहस्थ तीत मोठ्या आवेशाने सांगत होते. मला हसू आले. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "काका, हसू नका. आपल्या पुराणांतही मेरू पर्वत आहे, सात द्वीपे आणि सात समुद्र आहेत. मग पाश्चात्त्यांनी सांगितलेलेच विश्व आपण का मानायचे? पृथ्वी गोल असल्याचे तुम्ही स्वतः कधी पाहिले आहे का?"

मित्रहो, त्याचा शेवटचा प्रश्न मला झोंबला. मी कलाशाखेचा पदवीधर. उभी हयात वृत्तपत्रांत गेली. पृथ्वी गोल आहे हे मी पुस्तकात वाचले, परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुणही मिळविले. स्वतः पाहिले मात्र नव्हते. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जेथे पोहोचलो, ते स्थान आपल्या खान्देशातच आहे.

चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. आपण सारे चंडिकेच्या दर्शनाला तेथे जातो, पावसाळ्यात धबधबा पाहतो आणि परततो. तेथील शिलालेखापाशी थांबणारे थोडे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. त्यांनी पाटण येथे एक मठ स्थापन केला. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांच्या कुळातील इतर ग्रंथ तेथे शिकविले जावेत, हा त्याचा उद्देश. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये या मठाला दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. पण देणग्यांचा तपशील येतो तो आपल्या जुन्या मराठीत. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा अमुक भाग मठाला, तेलाच्या घाण्यामागे इतके इतके तेल मठाला. खान्देशातील तेली, वाणी आणि गिऱ्हाईक यांच्या पदरच्या पैशावर येथे खगोलाचे अध्ययन चालावे, अशी ती व्यवस्था होती.

आता त्या मठात काय शिकविले जाणार होते ते पाहू. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या जन्मगावाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण सह्याद्रीच्या परिसरातील हा पुरुष, हे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात ते आपल्याच परंपरेत रूढ असलेल्या विश्वकल्पनेला प्रश्न विचारतात. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावरून फिरणारा सूर्य सर्वांना सदासर्वदा का दिसत नाही? मेरू आड येतो म्हणून रात्र होते असे म्हणाल, तर तो मेरू आपल्याला का दिसत नाही? पृथ्वीला कोणाचा तरी आधार हवा असेल, तर त्या आधाराला कोणाचा आधार? शेवटी कोणीतरी स्वतःच्याच शक्तीने स्थिर आहे असे मानणे प्राप्त असेल, तर ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये? मग ती आपल्याला सपाट का भासते? परिघाचा शंभरावा हिस्सा पाहिला तर तो सरळच दिसणार. आणि माणूस एवढ्या मोठ्या गोलाच्या मानाने अगदीच लहान.

म्हणजे त्या तरुणाला वाटले तसे हे भांडण पूर्व विरुद्ध पश्चिम असे नाहीच. दुर्बीण निघण्याच्या साडेचारशे वर्षे आधी, कोणत्याही परकीय सत्तेच्या दडपणावाचून, आपल्याच आचार्याने हा प्रश्न उपस्थित केला आणि आपल्याच माणसांनी तो शिकविण्यासाठी तेलातुपाची तजवीज केली.

मात्र येथे आपल्याला एक पथ्य पाळावे लागेल. 'आमच्याकडे सर्व काही आधीच होते' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे असते. भास्कराचार्यांचा मान त्याने वाढत नाही. ग्रहणाचे त्यांचे गणित संपूर्णपणे छायेचे आहे. तरीही श्रुतिस्मृतींशी विरोध नको म्हणून ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत प्रवेश करतो, असा मेळ त्यांनी घातला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे आर्यभटांनी साडेसहाशे वर्षे आधी मांडले होते. भास्कराचार्यांनी तिला स्थिरच मानले. पाटणच्या मठाला मिळालेले दानही श्रावणातील चंद्रग्रहणाच्या पर्वावर, पुण्य म्हणून दिलेले. ग्रहणाचे कारण छाया, हे शिकविणारा मठ ग्रहणाच्या दानावर उभा राहिला! मला यात ढोंग दिसत नाही. श्रद्धा आणि शोध एकाच ओसरीवर नांदत होते. पण आपण भास्कराचार्यांचे वारस म्हणवत असू, तर त्यांचे निष्कर्ष पाठ करून भागणार नाही. त्यांची तपासण्याची रीत आपल्याला उचलावी लागेल.

पाटणहून परतल्यावर मी ठरविले की, आपणही काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. वराहमिहिरांनी 'बृहत्संहिते'त एक साधा उपाय सांगितला आहे. आपल्या पूर्वीच्या काळी अयन कोणत्या नक्षत्रात होत असे आणि आपल्या काळी कोठे होते, यातील फरक ते नोंदवितात आणि पुढे सांगतात की, उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा दूरच्या एखाद्या खुणेशी वेध घ्या आणि स्वतः ठरवा. जळगावात आमच्या गच्चीवरून पूर्वेला एक पाण्याची टाकी दिसते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज सकाळी एकाच जागी उभे राहून सूर्य टाकीच्या कोणत्या बाजूला उगवतो, याचे टिपण मी ठेवू लागलो. तो दक्षिणेकडे सरकत गेला, २१-२२ डिसेंबरच्या सुमारास थबकला आणि मग उत्तरेकडे परतू लागला. १४ जानेवारीपर्यंत तो सूर्यबिंबाच्या चौपट अंतर उत्तरेकडे आलेला होता.

संक्रांतीच्या सकाळी आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "आजपासून सूर्य उत्तरेकडे." मी तिला माझी वही दाखविली. चष्मा लावून तिने ती शांतपणे पाहिली आणि विचारले, "मग काय, तीळगूळ तीन आठवडे आधी वाटायचा होता का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर नसले, तरी हाच प्रश्न आपल्या विद्वानांनी फार गंभीरपणे विचारात घेतला होता. 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मूळचे कोकणातील मुरुडचे. पण शिक्षणखात्याच्या नोकरीनिमित्त काही काळ धुळ्याला राहिलेले. त्यांचा तो महाग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासमवेत त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. ऋतू आणि सण यांची फारकत होऊ नये, ही त्यांची तळमळ. नक्षत्रांवर आधारलेले वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते, त्यामुळे साधारण बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडत जातो. लोकांनी दीक्षितांचा पक्ष सरसकट स्वीकारला नाही. पण मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीने १९५७ मध्ये जी राष्ट्रीय दिनदर्शिका आली, तिचे वर्ष वसंतसंपातालाच जोडलेले आहे. आमच्या घरी तीळगूळ १४ जानेवारीलाच वाटला जातो आणि वाटला जाईल. पण उत्तरायण कधी सुरू झाले असे नातवंडांनी विचारले, तर आई आता वहीकडे बोट दाखविते.

आता फलज्योतिषाकडे वळतो. येथे मला एक कबुली द्यायची आहे. ऐन उमेदीत मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाचे नाव घेत नाही. राशिभविष्य लिहिणाऱ्या गृहस्थांचा मजकूर वेळेवर आला नाही, की जुन्या अंकांतील एखादे भविष्य राशी बदलून छापायला द्यायचे, हे काम माझ्याकडे असे. एकदा 'कौटुंबिक निर्णय पुढे ढकलावेत' असे वाक्य मी एका राशीला लावून टाकले. दोन-तीन आठवड्यांनी एक निवृत्त शिक्षक कार्यालयात आले. भविष्याचे कात्रण त्यांनी खिशात जपून ठेवले होते. ते वाचून त्यांनी मुलीला पाहायला येणाऱ्या मंडळींना पुढची तारीख कळविली होती आणि मंडळींनी दुसरीकडे सोयरीक जमविली. त्यांची तक्रार नव्हती. उलट, भविष्य किती अचूक होते, अडचणीचे स्थळ आपोआप टळले, असे सांगून ते आभार मानायला आले होते. मी त्यांना चहा पाजला. खरे सांगितले नाही. आज इतक्या वर्षांनी या व्यासपीठावरून सांगतो आहे.

डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील, हे ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडविले असते तरी पन्नासाच्या जवळपास उत्तरे बरोबर आली असती. मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे म्हणून चांगले स्थळ परत जाते, तेव्हा ही ४६ टक्क्यांची गोष्ट आपल्या घरात कोणीतरी वडीलधाऱ्याने बोलून दाखवावी, एवढीच माझी विनंती आहे.

ग्रहांच्या भयाची ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत इजिप्त आणि सीरियाकडे ग्नोस्टिक पंथ होऊन गेले. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे त्यांचे ग्रंथ एका रांजणात सापडले. ग्नोसिस हा ग्रीक शब्द आणि आपला ज्ञान हा शब्द एकाच मूळधातूचे. हे विश्व परमेश्वराने नव्हे, तर एका खालच्या, अज्ञानी निर्मात्याने घडविले आहे, असे त्यांतील अनेकांचे मत होते. सात ग्रह म्हणजे या तुरुंगाचे सात पहारेकरी. गुप्त ज्ञान ज्याला मिळेल तोच त्यांच्या हातून सुटणार.

या विचाराचे आकर्षण मी समजू शकतो. सर्वांना मान्य असलेले विश्व खोटे आहे आणि खरे काय ते मला कळले आहे, ही भावना माणसाला एकदम उंच करते. त्या तरुणाने दाखविलेल्या चित्रफितीत हाच सूर होता. पण गुप्त ज्ञान तपासता येत नाही; ते देणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. भास्कराचार्यांनीही मान्य विश्वाला प्रश्न विचारला. त्यांनी मात्र शिष्याला शंकू आणि छाया दिली, ज्याला हवे त्याने मोजून पाहावे म्हणून. प्रश्न विचारणे दोघांनाही येत होते. एकाच्या प्रश्नाने माणूस दाराला कडी लावून घेतो, दुसऱ्याच्या प्रश्नाने गच्चीवर जातो.

२१ मार्चला मी त्या तरुणाला बोलावून घेतले. विषुवदिनी मध्यान्हीला बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते, तिला आपले ज्योतिषी पलभा म्हणतात. आम्ही बारा इंचांची काठी ओळंब्याने उभी केली. जळगावची सावली भरली साडेचार इंचांहून किंचित अधिक. उज्जैनला शिकणाऱ्या त्याच्या मित्राने त्याच दुपारी मोजली, ती पाच इंचांहून थोडी जास्त निघाली. तरुण लगेच म्हणाला, "काका, सूर्य जवळ असेल तर सपाट पृथ्वीवरही सावल्या निराळ्याच पडतील." मला मनापासून आनंद झाला. शंका रास्त होती.

मग संध्याकाळपर्यंत थांबलो. सूर्य थेट पश्चिमेला गेला. तो सपाट जमिनीवरून नुसता दूर जात असता, तर त्याचे बिंब लहान लहान होत गेले असते. तसे झाले नाही. बिंब तेवढेच राहिले आणि खालच्या कडेने कापले गेले. अंधार पडल्यावर कंपासपेटीतील कोनमापकाला दोरा आणि नट बांधून ध्रुवाची उंची मोजली. सुमारे एकवीस अंश आली. कन्याकुमारीला ती आठ अंशांच्या आसपास असते. दक्षिणेकडे जावे तसा ध्रुव उतरत जातो आणि विषुववृत्तापलीकडे दिसेनासा होतो. तरुणाने ते आकडे वहीत उतरवून घेतले. उन्हाळ्यात रामेश्वरला जाणार असल्याने तेथून तो स्वतः मोजणार आहे. माझे म्हणणे त्याने अजून मान्य केलेले नाही आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही.

बंधुभगिनींनो, २५ मेच्या आसपास आपल्या भागात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हे पुन्हा घडते. मात्र तेव्हा आभाळ असते. मेमध्ये मुलांना सुट्टी असेल. त्यांना गच्चीवर न्या, एक काठी आणि एक वही द्या. आणि पुढच्या वेळी पाटणादेवीला गेलात, तर देवीपुढे हात जोडून झाल्यावर चार पावले त्या शिलालेखापाशी थांबा. त्या मठाला तेल पुरविणाऱ्यांना गोलाध्याय कळत नसेल कदाचित. पण त्यांनी तेल दिले होते.