जोखीम कुणाची?

(कार्यकर्ता-शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, आज एकाच शब्दावर बोलते. जोखीम. आपण तो 'धोका' अशा अर्थानं वापरतो. पण घरातल्या जुन्या बायका सोनंनाणं घेऊन प्रवासाला निघाल्या की म्हणतात, "बरोबर जोखीम आहे, अंधार करू नका." म्हणजे मौल्यवान वस्तू हीच जोखीम. आणि पोरगी न्हाती झाली की तिलाही तोच शब्द! "परक्याची जोखीम, वेळेत उजवून टाका." धोका पोरीला आहे असं कुणी म्हणत नाही, पोरगी हाच धोका. आता दागिना काही स्वतः जोखीम घेत नाही, तो कुलपात राहतो.

कायदाही याच भाषेत बोलायचा. 1948च्या कारखाना कायद्याच्या कलम 66नं बायकांचं काम सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत बांधलं. रात्रीचा रस्ता वाईट, तर बाईनं घरी बसावं. रात्रपाळीची नर्स, पहाटे मासळीची पाटी उचलणारी, झाडूवाली, यांची काळजी मात्र कुणाला नव्हती. 2007 साली अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बारमध्ये बायकांना नोकरीस मनाई करणारं कलम रद्द केलं. संरक्षणाच्या नावाखाली बाईची निवड हिरावू नका, सुरक्षितता देणं सरकारचं काम, असं सांगितलं.

शब्दाला तिसराही अर्थ आहे, जबाबदारी. "ही जोखीम तुमच्यावर." भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली साथिन. 1992 साली ती बालविवाह थांबवायला गेली, ते तिचं नेमून दिलेलं काम होतं. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचं, जोखीम तिच्या एकटीच्या अंगावर. 1995 साली सत्र न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलंसुद्धा. तिच्यामुळे 1997चा विशाखा निकाल आला, पुढे 2013चा कायदा, आणि कामाच्या जागेची जोखीम कागदावर तरी मालकाची झाली. भंवरीच्या पदरात काय पडलं, ते आपल्याला माहीत आहे.

आता आपल्या घरचं. रात्री पोलीस ठाण्यात कुणाबरोबर तरी जाणारी कार्यकर्ती असते. तिला आपण 'धाडसी' म्हणतो, टाळ्या वाजवतो. तिचं रिक्षाभाडं कोण देतं? सोबत दुसरी कोण असते? नवरा दुसऱ्या दिवशी तिच्या दारात येऊन शिव्या देतो, तेव्हा संघटनेतलं कोण तिथं उभं असतं? दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक गटानं या तीन प्रश्नांची उत्तरं नावांसकट लिहून आणावीत.