तोरिनोचं लाल व्हर्मुथ

इटलीच्या वायव्येला, आल्प्सच्या पायथ्याशी पिएमोंते हा द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. तिथल्या तोरिनो शहरात १७८६ साली आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी वनौषधी घातलेली गोडसर वाइन विकायला काढली. आजच्या लाल व्हर्मुथची परंपरा तिथून सांगतात.

नाव लाल असलं तरी हे पेय बहुतेकदा पांढऱ्या वाइनपासूनच बनतं. पूर्वी कानेल्ली परिसरातली सुगंधी मोस्कातो वाइन घेत. तांबूस रंग येतो तो मुख्यतः करपवलेल्या साखरेचा. कारागीर जेन्शनचं मूळ, सिंकोनाची साल, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग असं बरंच काही मद्यार्कात भिजवतात. तो अर्क गाळून वाइन आणि साखरेत मिसळतात आणि मुरू देतात. प्रत्येक घराण्याचं प्रमाण वेगळं, आणि ते गुपित. आर्तेमिसिया ही कडू वनस्पती मात्र हवीच. तिच्याशिवाय व्हर्मुथ होत नाही. आपण चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा तिचाच भाऊबंद!

‘व्हर्मुथ दी तोरिनो’ या नावाला आता युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. त्यातल्या ‘सुपेरिओरे’ प्रकारात किमान निम्मी वाइन पिएमोंतेचीच लागते. मला मोलाचे वाटतात ते बार्बेरा किंवा नेब्बिओलो या स्थानिक काळ्या द्राक्षांची वाइन वापरणारे छोटे उत्पादक. त्यांच्या व्हर्मुथमध्ये मसाल्यांच्या गर्दीतही मूळ द्राक्षाची चव हरवत नाही.