कळव्याचा दगडी पूल

ठाणं आणि आगगाडी म्हटलं की १६ एप्रिल १८५३ ही तारीख आपल्याला आठवते. बोरीबंदरहून सुटलेली ती गाडी ठाण्यालाच का थांबली, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. पुढे खाडी आडवी होती. जेम्स बर्कले हे तेव्हा रेल्वेचे मुख्य अभियंते होते. खाडीवर पूल झाला आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली.

पण रुळांवरून बैलगाडी जात नाही. ती सोय केली कळव्याच्या दगडी पुलानं. त्याचं साल १८६३ सांगितलं जातं. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक वय!

दगडी कमानीची युक्ती फार साधी आहे. वरून भार आला की कमानीतले दगड एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. हा भार खांबांत उतरतो आणि खांबांतून पायात. कमानीला लोखंड लागत नाही, त्यामुळे खाऱ्या हवेत गंजण्याचं भय नाही. मात्र तिचे शत्रू वेगळे. सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप मुळांनी दगड सारतं, आणि पाण्याचा ओघ पायाखालची माती हळूहळू ओढून नेतो. वरून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

बैलगाड्यांच्या काळातल्या या पुलावर पुढे ट्रक आले, बसगाड्या आल्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहिले. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली, कळवा-मुंब्रा तिच्यात आले. नोकरी, बाजार, रुग्णालय, सगळ्यासाठी खाडी ओलांडायची. शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. जुन्यावरची अवजड वाहनं थांबवली गेली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीच्या पुरात इंग्रजी अमदानीतला दगडी पूल कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. सारा महाराष्ट्र हादरला, आणि कळव्याचा जुना पूलही वाहनांसाठी पूर्ण बंद झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसरा पूल सुरू झाला.

पूल गेल्यावर काय होतं, हे कल्याण-डोंबिवलीकरांना सांगायला नको. तिथला जुना लोखंडी पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरवला, नवा खुला झाला जानेवारी २०२१ मध्ये. दोन वर्षांहून अधिक काळ माणसं कोंडीत अडकली.

स्पेनमधल्या रोंदा गावात खोल दरीवर एक दगडी पूल आहे. आधीचा पूल घाईत बांधला होता, तो १७४१ साली कोसळला आणि माणसं दगावली. नंतरचा बांधायला चार दशकं लागली. तो १७९३ साली पुरा झाला. गाव आजही त्याला ‘नवा पूल’च म्हणतं, आणि जगभरची माणसं तो पाहायला येतात.

आपण जुन्या पुलाकडे दोनच नजरांनी पाहतो. चालतोय तोवर दुर्लक्ष, आणि बंद झाला की अडगळ. खरं तर वाहतूक बंद झाली म्हणून देखभाल संपत नाही. दर पावसाळ्याआधी सांधे साफ करणं, रोपं मुळासकट काढणं, पाण्याखालचा पाया तपासणं, या कामांचं उद्घाटन होत नाही. फीतही कापली जात नाही. पण महाडची रात्र पुन्हा येऊ नये असं वाटत असेल, तर नव्या पुलाइतकाच या कामांचाही हिशेब आपण मागायला हवा.