उपग्रह-नभोवाणी आणि मोटार

आकाशांतून गाणें ऐकूं येतें, ह्याचें आतां कोणास नवल राहिलें नाहीं. परंतु तें गाणें कोणाच्या भरंवशावर येतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शिरूरच्या एका बागाईतदार कुटुंबावर तो विचारण्याची पाळी दोनदां आली.

ह्या गृहस्थांची मोटार जीप कंपास. २०१७ पासून ही मोटार शिरूर तालुक्यांतच, रांजणगांवच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. त्यांच्या अमेरिकेंतील पुतण्यापाशींहि त्याच नांवाची मोटार आहे. पण तिच्यांतील कारखान्यानें बसविलेल्या स्टिरिओवर 'सिरियस एक्सएम' कंपनीचीं उपग्रह-केंद्रें लागतात. काकांच्या मोटारींत ही सोय नाहीं, असें समजतांच त्यानें एक सुटें ग्राहकयंत्र धाडून दिलें. दर आठवड्यास काका-काकू न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून, चौफुल्यास व पुढें पाटसमार्गें दौंडला लेकीकडे जातात. वाटेंत काकूंच्या कानीं गाणें पडावें, एवढाच त्याचा हेतु.

दौंडच्या एका तरुण वायरमननें तें यंत्र मोटारीस जोडलें. काम अवघड नव्हतें. लोहचुंबकाचा लहानसा एरियल टपावर चिकटवावयाचा, वीज फ्यूजमधून घ्यावयाची आणि यंत्राचा आवाज स्टिरिओस पोंचवावयाचा. ह्या शेवटल्या कामाचे मुख्य मार्ग तीन. स्टिरिओस 'ऑक्स'चें भोंक असेल, तर त्यांत तार खोंचावी. हा मार्ग सोपा आणि आवाजहि स्वच्छ. जुन्या मोटारींत कॅसेटच्या आकाराची जोडपट्टी घालतात. दोन्ही नसेल, तर एक चिमुकला प्रक्षेपक एफ. एम.च्या रिकाम्या जागीं आवाज सोडतो व स्टिरिओ तो पकडतो. मात्र शेजारचें केंद्र जोरकस असल्यास खरखर होते. येथें पहिलाच मार्ग चालला. कारखान्याची एकहि तार कापावी लागली नाहीं.

यंत्राचा दिवा लागला, पण यंत्र बोलेना. तरुणानें त्याच तारेस आपला मोबाइल लावला, तों गाणें खणखणीत वाजलें.

"काका, जोडणींत खोट नाहीं. वरूनच कांहीं येत नाहीं. ह्याची मजुरी घेणें मला बरें वाटत नाहीं."

"अरे बाळा, काम तूं चोख केलेंस. मजुरी घे, पण वरून कां येत नाहीं, तें सांग."

ह्याचें उत्तर भूगोलांत आहे. त्या कंपनीची सेवा उत्तर अमेरिकेपुरती. तिचे कांहीं उपग्रह विषुववृत्तावर ८५ व ११५ अंश पश्चिम रेखांशांच्या आसपास आहेत. पुणें जिल्हा ७४ अंश पूर्वेस. मध्यें अवघी पृथ्वी आडवी येते. तेथील माध्यान्हीचा सूर्य येथें दिसत नाहीं, तशीच ही गत.

त्यावर काकू म्हणाल्या, "मग पूर्वीं आपल्या घरीं कसें वाजत असे?"

त्यांची आठवण खरी होती. २००० सालच्या मार्चमध्यें 'एशियास्टार' हा उपग्रह आकाशांत गेला आणि 'वर्ल्डस्पेस' कंपनीचे कार्यक्रम भारतांत ऐकूं येऊं लागले. 'गांधर्व' ह्या तिच्या केंद्रावर अष्टौप्रहर हिंदुस्थानी रागसंगीत चाले. १०५ अंश पूर्वेवरील त्या उपग्रहाकडे रोंखलेला एरियल शिरूरच्या घरीं खिडकींत असे. धांवत्या मोटारीचें मात्र निराळें. दर वळणास दिशा बदलते; झाडें व पूल आड येतात. म्हणून अमेरिकेंत शहरोशहरीं मनोरे उभारून तोच कार्यक्रम जमिनीवरूनहि पुन्हां सोडतात. भारतांत असा बेत तडीस गेला नाहीं. ऑक्टोबर २००८ मध्यें कंपनीनें दिवाळें जाहीर केलें आणि ३१ डिसेंबर २००९ रोजीं भारतांतील सेवा थांबली. काकूंचें यंत्र धडधाकट होतें, एरियलहि जागेवर होता. पण तें यंत्र एकाच कंपनीची भाषा जाणणारें. ती गप्प होतांच तेंहि कायमचें मुकें झालें.

श्रोतेहो, ह्याच्या जोडीला एक जुनी हकीकत ठेवून पाहण्यासारखी आहे. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें मुंबईचें केंद्र सुरू केलें. १९३० मध्यें तीहि बुडाली. परंतु सरकारनें केंद्र हातीं घेतलें आणि लोकांच्या घरचे संच पूर्ववत् बोलत राहिले. कारण त्या लहरी कोणत्याहि संचास पकडतां येण्याजोग्या होत्या. कंपन्या दोन्ही बुडाल्या. पण एकीबरोबर श्रोता बुडाला नाहीं, दुसरीबरोबर बुडाला. म्हणून यंत्र घेतांना आवाज कसा आहे, हें पाहण्याआधीं बोलणारा उद्यां गप्प झाला तर तें यंत्र दुसऱ्या कोणाचें ऐकूं शकेल काय, हें विचारावें.

दौंडच्या तरुणानें तें ग्राहकयंत्र काढून खोक्यांत घातलें, तार मात्र राहूं दिली. लेकीनें तिला आपला मोबाइल जोडला आणि आकाशवाणीची 'रागम्' ही २०१६ सालीं सुरू झालेली शास्त्रीय संगीताची वाहिनी लावली. परतीच्या वाटेवर मोबाइलचें जाळें विरळ होई, तेथें सूर तुटे; पुढें पुन्हां जुळे. काकूंनीं त्याबद्दल तक्रार केली नाहीं. घर येईपर्यंत त्या डोळे मिटून ऐकत होत्या.