राजा भला, कारभारी वाईट?

(जालना तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळीपुढें झालेलें भाषण)



आज मी रशियाची हकीकत सांगणार आहें. कोरडवाहू रानांत राबणाऱ्यांस रशियाशीं काय करावयाचें, असें कोणी म्हणेल. पण आपले अण्णा भाऊ साठे 1961 सालीं तो देश पाहून आले, त्यावर त्यांनीं पुस्तक लिहिलें. कामकऱ्यांचें राज्य म्हणून आपल्यांत त्याचें मोठें कौतुक झालें. तेथला गरीब आपल्या धन्यांस काय समजत आला, एवढेंच आज पाहूं.

रशियन रयतेची एक म्हण आहे: देव फार उंच आणि राजा फार दूर. दूरचा राजा भला, जवळचा जमीनदार व अंमलदार तेवढा वाईट, अशी तिची समजूत. 1861 सालीं झारनें जमिनीला बांधलेल्या कुळांस मोकळें केलें. पण जमीन अपुरी मिळाली आणि तिच्या मोलाचे हप्ते 1907 पर्यंत मानेवर बसले. तरी कित्येक म्हणत, "राजाचा खरा हुकूम निराळाच आहे, जमीनदारांनीं तो दडवला!" 22 जानेवारी 1905 रोजीं पीटर्सबर्गचे हजारों मजूर बायकापोरांसह, देवांच्या व झारच्या तसबिरी घेऊन, राजवाड्याकडे अर्ज द्यावयास निघाले. त्यांस गोळ्यांनीं उत्तर मिळालें.

1917 सालीं झार गेला, पण खोड राहिली. 1932-33 सालीं सरकारनें खेड्यांतलें धान्य सक्तीनें उचललें, कांहीं परदेशीं विकलें, आणि पिकविणारेच लाखोंनीं उपाशी मेले. सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यास देशांत फिरण्याचें ओळखपत्र 1974 पर्यंत सरसकट मिळत नसे. त्याचें घर तगलें तें परसांतल्या तुकड्यावर. बटाटे, कोबी, एखादी गाय. शहरांत दुकानापुढें रांगा. तरी पुष्कळ जण म्हणत, "स्टालिनला हें ठाऊक नसेल." सभेंत जयजयकार करावयाचा आणि पुढाऱ्यांची थट्टा चुलीपाशीं, दार लावून.

हंसूं नका. निजामाचा अंमल येथें 17 सप्टेंबर 1948 रोजीं संपला. सरकारास मायबाप म्हणण्याची संवय मात्र संपली नाहीं. आजही आपण म्हणतों, "साहेब सोन्यासारखा माणूस, भोंवतालची मंडळी वाईट." 2012-13 च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा जळाल्या. घागरी घेऊन आयाबहिणी टँकरची वाट पाहत बसल्या. शिव्या कोणी खाल्ल्या? टँकर हांकणाऱ्यानें! पावसाचें पाणी अडविण्याचें काम कोणाचें होतें, त्यावर पैसा किती आला व कोठें मुरला, हें आपल्यापैकीं किती जणांनीं विचारलें?

आपल्याच तालुक्यांतलें कडवंची पहा. 1996 च्या सुमारास खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साह्यानें त्या गांवानें पाणलोटाचें काम हातीं घेतलें. माथ्यापासून बांध घातले, पुढें शेततळीं खोदलीं, द्राक्षबागा लावल्या. दुष्काळांतही त्या बागा तगल्या. कोणी साहेब भला आहे कीं नाहीं, या चर्चेनें तें पाणी जमिनींत मुरलें नव्हतें.

रशियन माणूसही नेहमींच गप्प बसला असें नाहीं. 2018 सालीं सरकारनें निवृत्तिवेतनाचें वय बायकांचें 55 वरून 63 व पुरुषांचें 60 वरून 65 करण्याचा घाट घातला. लोक रस्त्यावर आले, पुतीन यांची पत घसरली. ऑगस्टांत त्यांस स्वतः दूरचित्रवाणीवर येऊन बायकांचें वय 60 वर आणावें लागलें. पुरुषांचें 65 च राहिलें. मिळालें तें थोडें, पण या वेळीं लोकांनीं कारकुनावर राग काढला नाहीं. ज्यानें ठरविलें त्यालाच जाब विचारला.

त्यांच्यापेक्षां आपल्या हातीं साधनें अधिक आहेत. ग्रामसभा आहे. 2005 चा माहितीचा अधिकार आहे. साध्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर द्यावें लागतें. म्हणून माझें एकच मागणें. पुढच्या ग्रामसभेस घरटीं एक माणूस, आणि शक्य तर बाईमाणूस, जावें. गेल्या उन्हाळ्यांत टँकरच्या किती खेपा कागदावर आहेत, हें विचारावें. वाटेवर उभें राहून खेपा मोजल्या आहेत त्या बायांनींच. त्यांचा आंकडा आणि कागदाचा आंकडा शेजारीं मांडा. मग साहेब भला कीं कारभारी वाईट, हें कोणास विचारावें लागणार नाहीं.