इंग्रजीतील भविष्यकाळाचे अध्यापन



महाराष्ट्रातील मराठी शाळांत इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीस आरंभ होतो. पुढे भविष्यकाळाचा पाठ आला की फळ्यावर बहुधा एकच कोष्टक दिसते : ‘आय शॅल गो, यू विल गो, ही विल गो.’ मग एखादा विद्यार्थी ‘आय अ‍ॅम गोइंग टु पुणे टुमॉरो’ असे लिहितो, आणि ‘हा तर वर्तमानकाळ’ म्हणून त्यावर तांबडी रेघ ओढली जाते. वस्तुतः ते वाक्य निर्दोष आहे. बरोबर लिहूनही जे मूल चुकीचे ठरते, ते पुढे लिहिण्यासच कचरते.

मराठीत ‘जाईन, जाशील, जाईल’ अशी रूपे प्रत्ययांनी सिद्ध होतात. इंग्रजी क्रियापदास भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा, ‘शॅल’चा देणे अथवा कर्तव्य. ‘आय’ व ‘वी’ यांस ‘शॅल’ लावण्याचा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ च्या व्याकरणात मांडला. आज व्यवहारात बहुधा सर्वत्र ‘विल’ चालते. तेव्हा कोष्टकापेक्षा बोलणाऱ्याचा आशय पाहणे महत्त्वाचे.

आभाळ भरून आले, तर मूल म्हणते, ‘आता पाऊस पडणार.’ येथे ‘इट इज गोइंग टु रेन’ हेच योग्य. आधी ठरविलेल्या बेतासही हेच रूप चालते. दुसऱ्याशी बोलून नक्की केलेल्या गोष्टीस ‘वुई आर मीटिंग ऑन मंडे’ असे चालू वर्तमानकाळाचे रूप येते. वेळापत्रकास मराठीप्रमाणेच साधा वर्तमानकाळ : ‘गाडी सहाला सुटते’, ‘द बस लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स’. अंदाज, वचन आणि त्या क्षणी केलेला निश्चय यांस ‘विल’.

दोन ठिकाणी मात्र मराठीची सवय मुलास चकविते. ‘थांबा, मी दार उघडतो’ यावरून ते ‘आय ओपन द डोअर’ म्हणते. तेथे ‘आय विल ओपन द डोअर’ हवे. तसेच ‘तू येशील तेव्हा’ याचे ‘व्हेन यू विल कम’ आणि ‘पाऊस पडला तर’ याचे ‘इफ इट रेन्ड’ होते. पुढील काळाविषयी बोलताना अशा गौण वाक्यांत इंग्रजी साधा वर्तमानकाळच योजते : ‘व्हेन यू कम’, ‘इफ इट रेन्स’.

यासाठी शिक्षकांनी नियम सांगण्यापूर्वी प्रसंग उभा करावा. एस. टी.चे वेळापत्रक, भरलेले आभाळ, उद्याच्या बाजाराचा बेत, हे साहित्य प्रत्येक गावात आहे. ‘हे आधी ठरले होते की आत्ता ठरले?’ एवढे विचारले, तरी मूल पुष्कळदा रूप आपणच निवडते. आणि वही तपासताना तांबडी रेघ ओढण्यापूर्वी हाच प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावा.